कवीचें नांव आणि कॉलेजचें काम

एखादा साहित्यिक दिवंगत झाला म्हणजे त्याचें स्मारक कसें करावें, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कठीण मानला जात नाहीं. एखाद्या सभागृहाला त्याचें नांव द्यावें, भिंतीवर त्याची तसबीर लावावी, वर्षांतून एकदां तिला हार घालावा आणि कोणा विद्वानाचें व्याख्यान करवावें. एवढें झालें कीं आपण ऋणमुक्त झालों असें आपल्याला वाटतें. यांत वाईट कांहींच नाहीं. हार घालणाऱ्याची भक्ति खोटी असते असेंहि मी म्हणणार नाहीं. परंतु तसबिरींतला मनुष्य जन्मभर जें काम करीत होता त्या कामाचें पुढें काय झालें, हें मात्र त्या समारंभांत कोणी विचारीत नाहीं. आज मी आपल्याला अशा एका कॉलेजची हकीकत सांगणार आहें कीं, ज्यानें हा प्रश्न स्वतःला विचारला आणि त्याचें उत्तर ग्रंथरूपानें दिलें.

हें कॉलेज आहे उडुपी येथें. मुंबई-पुण्याच्या माणसाला हें नांव नवें नाहीं. ‘उडप्याचें हॉटेल’ हा शब्द मराठींत असा कांहीं रुळला आहे कीं, उडुपी हें एक गांव आहे, तेथें श्रीकृष्णाचें प्रसिद्ध देऊळ आहे आणि मध्वाचार्यांच्या परंपरेंतले आठ मठ आहेत, याची आठवण इडली खातांना कोणाला राहत नाहीं. आणि त्या हॉटेलांत गल्ल्यावर बसलेला मालक व आंतला आचारी एकमेकांशीं ज्या भाषेंत बोलतात ती पुष्कळदां कानडी नसून तुळू असते, हें तर फारच थोड्यांच्या ध्यानीं येतें. ही तुळू भाषा आपण लक्षांत ठेवावी; आपल्या कथेंत ती पुन्हां यावयाची आहे.

या उडुपी गांवीं १९४९ सालीं डॉ. टी. एम. ए. पै यांनीं एक कॉलेज काढलें आणि आदल्याच वर्षीं निवर्तलेल्या महात्मा गांधींचें नांव त्याला दिलें. म्हणजे हें कॉलेज स्वतःच एक स्मारक आहे. परंतु ज्या स्मारकाविषयीं मला बोलावयाचें आहे तें या कॉलेजच्या पोटीं जन्मलें, आणि तें एका कवीचें आहे. त्या कवीचें नांव मंजेश्वर गोविंद पै.

गोविंद पै यांचा जन्म २३ मार्च १८८३ रोजीं मंजेश्वर येथें झाला. मंगळूरच्या दक्षिणेस समुद्रकांठीं वसलेलें हें गांव. त्यांचें घराणें गौड सारस्वतांचें. ज्यांचे पूर्वज कधीं काळीं गोमंतकांतून निघून दक्षिण किनाऱ्यावर स्थायिक झाले, त्या समाजांतलें. त्यामुळें घरांतली भाषा कोंकणी. अंगणाबाहेर पाऊल टाकलें कीं तुळू. शाळेंत आणि लिहिण्यावाचण्यांत कानडी. थोडें दक्षिणेस गेलें कीं मल्याळम. त्या किनाऱ्यावर मंगळूर शहरालाच कानडी मनुष्य मंगळूर म्हणतो, तुळू बोलणारा कुड्ल म्हणतो आणि कोंकणी बोलणारा कोडियाल म्हणतो. तिघेहि एकाच बाजारांत भेटतात आणि कोणाचें कांहीं अडत नाहीं. अशा मुलखांत वाढलेल्या मुलाला भाषा ही अभिमानाची गोष्ट होण्यापूर्वीं कुतूहलाची गोष्ट होते. पै यांचें तसेंच झालें. त्यांचें कॉलेजशिक्षण मद्रासेस झालें. परंतु वडिलांच्या मृत्यूमुळें पदवी हातीं येण्यापूर्वींच त्यांना घरीं परतावें लागलें. पदवी नसलेला हा गृहस्थ पुढें अनेक भाषांचा जाणकार म्हणून दक्षिणेंत ओळखला जाऊं लागला.

कवि म्हणून त्यांचें एक धाडस सांगण्यासारखें आहे. आपल्याकडे यमक चरणाच्या शेवटीं येतें. जुन्या कानडी काव्यांत मात्र प्रत्येक चरणाचें दुसरें अक्षर सारख्या व्यंजनाचें असावें, असा कडक नियम होता, आणि कवींनीं तो शेंकडों वर्षें निष्ठेनें पाळला होता. पै यांनीं १९११च्या सुमारास आपल्या रचनेंत हें बंधन झुगारून दिलें. आपल्याकडे रेंदाळकरांनीं निर्यमक कवितेचा पुरस्कार केला तोहि साधारण याच काळांत. पै यांचा ‘गिळिविंडु’, म्हणजे ‘पोपटांचा थवा’, हा काव्यसंग्रह १९३० सालीं प्रसिद्ध झाला. त्यानंतर त्यांनीं ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसावर ‘गोल्गोथा’ व बुद्धाच्या अखेरच्या दिवसावर ‘वैशाखी’ हीं खंडकाव्यें लिहिलीं, आणि एकलव्याच्या कथेवर एक नाट्यकाव्यहि लिहिलें. एका वैष्णव सारस्वतानें कोंकणी बोलत वाढावें, कानडींत लिहावें आणि त्या कानडींत ख्रिस्ताचें व बुद्धाचें मरण गावें, यांतच त्यांच्या मनाची घडण दिसून येते.

१९४९ सालीं मद्रास सरकारनें त्यांना ‘राष्ट्रकवि’ ही पदवी दिली. आपल्या मुंबईशींहि त्यांचा एक संबंध आहे: १९५१ सालीं कन्नड साहित्य संमेलन मुंबईस भरलें, तेव्हां त्याचे अध्यक्ष गोविंद पैच होते. परंतु त्यांचें अर्धें आयुष्य काव्याखेरीज दुसऱ्याच एका कामांत गेलें. शिलालेख पडताळावेत, कालगणना तपासावी, जुन्या कवींचे व आचार्यांचे काळ ठरवावेत, तुळुनाडाचा प्राचीन इतिहास शोधावा, असें त्यांचें संशोधन अखंड चाले, आणि त्यावरचे लेख नाना नियतकालिकांतून विखुरले जात. आपल्याकडच्या वाचकाला येथें इतिहासाचार्य राजवाडे यांची आठवण व्हावी.

६ सप्टेंबर १९६३ रोजीं गोविंद पै वारले. मागें राहिला तो त्यांचा मोठा ग्रंथसंग्रह. हा संग्रह उडुपीच्या कॉलेजकडे आला. आतां, दिवंगत विद्वानाचीं पुस्तकें कॉलेजकडे आलीं म्हणजे पुढें काय होतें तें आपण सर्व जाणतों. कांचेच्या कपाटांत तीं लावलीं जातात, कपाटावर पितळी पाटी बसते, किल्ली शिपायाकडे राहते, आणि कांहीं वर्षांनीं वाळवी तेवढी त्या ग्रंथांचा अभ्यास करते. उडुपीस तसें झालें नाहीं. याचें मोठें श्रेय तेथील प्राचार्य कु. शि. हरिदास भट यांचें. पुस्तकें आलीं तीं संशोधनासाठीं आलीं, ही त्यांची धारणा होती. त्या दशकांतच कॉलेजच्या आश्रयानें ‘राष्ट्रकवि गोविंद पै संशोधन केंद्र’ उभें राहिलें.

या केंद्राचें पहिलें कर्तव्य उघडच होतें: ज्याचें नांव घेतलें त्याचे शब्द वाचकांच्या हातीं देणें. पै यांचें विखुरलेलें संशोधन गोळा करून केंद्रानें तें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. हें काम दिसतें तितकें सोपें नसतें. जुन्या मासिकांचे अंक मिळवावे लागतात, आणि मिळाले तर त्यांचीं पानें हातांत तुटतात. लेखकानें एकच विषय दहा वर्षांनीं पुन्हां हाताळलेला असतो आणि मत बदललेलें असतें. त्यांतलें कोणतें मत त्याचें मानावें, हा संपादकापुढें पेंच असतो. अशा संपादनाला टाळ्या मिळत नाहींत. पण तें झालें नाहीं तर तो लेखक दोन पिढ्यांनंतर केवळ एक नांव होऊन बसतो.

येथवर जें झालें तें उत्तम झालें. तरी तें अपेक्षितच होतें. ज्या कामासाठीं मी हा विषय निवडला तें याच्या पुढचें आहे. या केंद्रानें आपली सर्वांत मोठी शक्ति खर्च केली ती कवीच्या घरांतल्या कोंकणीवर नव्हे, त्याच्या काव्याच्या कानडीवरहि नव्हे, तर त्याच्या अंगणाबाहेरच्या तुळूवर.

तुळू ही द्राविड कुलांतील एक स्वतंत्र भाषा. २०११च्या शिरगणतींत ती बोलणाऱ्यांची संख्या १८,४६,४२७ भरली. कांहीं जुनीं तुळू काव्यें ताडपत्रांवर सांपडलीं आहेत. पण या भाषेचें खरें वैभव लेखणींत नसून कंठांत आहे. पाड्दन नांवाचीं दीर्घ कथागीतें तिच्यांत आहेत. भाताची लावणी करतांना बायका तीं गातात, आणि भूतांच्या उत्सवांत, म्हणजे त्या मुलखांतल्या ग्रामदैवतांच्या पूजेंत, तीं म्हटलीं जातात. छापखान्याशीं तुळूची गांठ पडली ती एकोणिसाव्या शतकांत, मंगळूरच्या बासेल मिशनच्या पाद्र्यांमुळें. त्यांनीं ती कानडी लिपींत छापली, आणि त्यांच्यापैकीं माॅनर नांवाच्या जर्मन मिशनऱ्यानें १८८६ सालीं तुळूचा पहिला कोश प्रसिद्ध केला. आपल्याकडे मोल्सवर्थचा कोश १८३१ सालीं निघाला, त्यामागें जशी परक्या माणसाची चिकाटी होती, तशीच ही. मात्र मराठीला मोल्सवर्थनंतर दाते-कर्वे मिळाले आणि १९३२ ते १९३८ या काळांत महाराष्ट्र-शब्दकोशाचे सात विभाग आपल्या हातीं आले. तुळूला माॅनरनंतर पुष्कळ वर्षें असा मोठा कोश मिळाला नव्हता.

१९७९ सालीं उडुपीच्या या केंद्रानें तें काम हातीं घेतलें. भाषाशास्त्रज्ञ डॉ. उ. प. उपाध्याय हे प्रमुख संपादक झाले, आणि कर्नाटक सरकारनें द्रव्यसाहाय्य दिलें. आतां कल्पना करा. ज्या भाषेंत ग्रंथ भरपूर आहेत, तिचा कोशकार निदान पुस्तकें उघडून शब्द वेंचूं शकतो. येथें शब्द होते ते शेतांत, मासेमारीच्या होड्यांवर, देवळाच्या अंगणांत, माडीच्या झाडाखालीं, म्हाताऱ्या बायकांच्या गाण्यांत. ते जेथें होते तेथें जाऊन ऐकावे लागले. त्यांतहि एकच शब्द सर्वत्र एकरूप नाहीं. तुळूच्या बोलींत एखाद्या शब्दाच्या आरंभीं कोठें ‘त’ येतो, कोठें ‘स’, तर कोठें ‘ह’. ब्राह्मणांच्या घरांतली बोली निराळी, इतरांची निराळी. उत्तरेकडचा उच्चार दक्षिणेकडे पालटतो. यांतली शुद्ध तुळू कोणती? या कोशाचें मोठेपण मला वाटतें तें येथें आहे. त्यानें हा प्रश्न गैरलागू ठरविला. जी बोली ज्या समाजाच्या तोंडीं जशी आहे तशी तिची नोंद केली. कुणबी, कोळी, पुरोहित, सगळ्यांचे शब्द एकाच पंगतीला बसविले.

प्रत्येक शब्द कानडी लिपींत व रोमन लिपींत द्यावयाचा, त्याचा अर्थ कानडींत व इंग्रजींत सांगावयाचा, बोलींतले भेद नोंदवावयाचे, आणि इतर द्राविड भाषांतले त्याचे सगेसोयरे शक्य तेथें दाखवावयाचे, अशी योजना होती. पहिला खंड १९८८ सालीं बाहेर पडला, सहावा आणि शेवटचा १९९७ सालीं. म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत अठरा वर्षें लागलीं. ज्या मुलांनीं १९७९ सालीं त्या कॉलेजच्या पहिल्या वर्गांत पाऊल टाकलें असेल, त्यांचीं स्वतःचीं मुलें कोश पुरा होईपर्यंत शाळेंत जाऊं लागलीं असतील. कॉलेजच्या जगांत अठरा वर्षें हा फार मोठा काळ असतो. परीक्षा वर्षाला येते, निकाल महिन्यांत लागतो, संमेलन तीन दिवसांत उरकतें. आणि प्राचार्य बदलला कीं त्याच्या योजनाहि बहुधा त्याच्याबरोबर निवृत्त होतात. अशा ठिकाणीं अठरा वर्षें एक काम न सोडणें ही विद्वत्तेइतकीच शीलाची कसोटी आहे.

हरिदास भट यांचा उत्साह कोशापाशीं थांबला नाहीं. त्या कॉलेजच्या आश्रयानें १९७१ सालीं यक्षगानाच्या शिक्षणाचें केंद्र निघालें, आणि त्यांत शिवराम कारंतांसारख्या श्रेष्ठ लेखकाचा हात होता. लोकगीतांच्या व लोककलांच्या अभ्यासासाठीं फिनलंडच्या पंडितांशीं संबंध जुळला. त्या पंडितांपैकीं लाउरी होंको यांनीं १९९० सालीं तेथील विद्वानांच्या साहाय्यानें गोपाळ नायक नांवाच्या एका शेतकरी गायकाकडून ‘सिरी’ या तुळू देवतेची कथा समग्र गाऊन घेतली व टिपून ठेवली. ती भरली १५,६८३ ओळी. होमरच्या इलियडपेक्षां अवघ्या दहा ओळींनीं कमी! १९९८ सालीं ती फिनलंडमध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. हा ग्रंथ उडुपीच्या केंद्राचा नव्हे. पण ज्या भाषेला वाङ्मय नाहीं असें शहाणे लोक म्हणत आले, तिच्या एका नांगरधऱ्याच्या कंठांत एवढें महाकाव्य वसत होतें, हें जगाला कळलें तें या किनाऱ्यावर असें काम करण्याची हवा निर्माण झाली होती म्हणून.

आतां कोणी असा आक्षेप घेईल कीं, कवि कानडीचा, मग त्याच्या नांवानें कोश तुळूचा कां? हें स्मारक कीं विषयांतर? आक्षेप वरवर पाहतां बिनतोड आहे. परंतु वारसा म्हणजे काय, याचा थोडा विचार करावा. बापाचें घर जसेंच्या तसें ठेवून त्याला कुलूप लावणारा मुलगाहि वारस, आणि बापानें जें शेत नांगरावयाचें योजिलें होतें तें नांगरणारा मुलगाहि वारस. पै यांची विद्या जन्मली ती अनेक भाषांच्या शेजारांतून. त्या शेजारांतली जी भाषा सर्वांत दुबळी, जिच्यापाशीं छापील आधार सर्वांत थोडा, तिला हात देणें म्हणजे त्यांच्या विद्येचें मूळच शिंपणें होय. कानडीला किटेलचा कोश १८९४ सालींच मिळाला होता. तिला धनी होते. तुळूला नव्हते. शिवाय १९५६ सालच्या प्रांतरचनेंत मंजेश्वर केरळांत गेलें आणि उडुपी म्हैसूर राज्यांत, म्हणजे आजच्या कर्नाटकांत, आलें. कवीचें घर एका राज्यांत आणि त्याचीं पुस्तकें दुसऱ्या राज्यांत, अशी वांटणी झाली. पण तुळू भाषेनें ती सीमा मानली नाहीं. ती दोन्हीकडे बोलली जाते. तिचा कोश करणें म्हणजे नकाशानें तोडलेला कवीचा मुलूख विद्येच्या रीतीनें पुन्हां जोडणें होतें.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोश केल्यानें भाषा जगते काय? याचें प्रामाणिक उत्तर, नाहीं, असेंच द्यावें लागेल. भाषा जगते ती आई मुलाशीं बोलते म्हणून. जो शब्द कोणी बोलत नाहीं तो कोशांत असला तरी पेटींत ठेवलेल्या वस्त्रासारखा असतो. सहा खंडांनीं तुळूच्या सगळ्या अडचणी दूर झाल्या असें तेथील लोकहि म्हणणार नाहींत. परंतु एक गोष्ट निश्चित झाली. एखादा धंदा बंद पडला कीं त्याचे शब्द दहा-वीस वर्षांत नाहींसे होतात, आणि त्या शब्दांबरोबर त्या माणसांचें निसर्गाविषयींचें, हत्यारांविषयींचें, देवांविषयींचें ज्ञानहि जातें. तें ज्ञान आतां निदान निनांवी मरणार नाहीं. आणि ज्या मुलाला शाळेंत आपली घरची बोली गांवंढळ आहे असें ऐकावें लागलें, त्याच्यापुढें तिचे सहा जाड खंड ठेवतां आले, तर त्या मुलाची मान किती ताठ होईल हें सांगावयास नको.

श्रोतेहो, हें सर्व परमुलखाचें कौतुक म्हणून मी सांगितलें नाहीं. आपल्याकडेहि याचीं उदाहरणें आहेत. राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास वारले आणि पुढच्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. तें काम करणारें स्मारक आहे. जळगांवकडच्या बहिणाबाई चौधरी १९५१ सालीं निवर्तल्या. त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. ओव्या टिपून ठेवणारीं माणसें घरांत होतीं आणि अत्र्यांसारख्या साहित्यिकाची दृष्टि त्यांवर पडली, म्हणून १९५२ सालीं त्या छापून निघाल्या. नाहीं तर तें सारें धन दळतां-दळतांच हवेंत विरून गेलें असतें. प्रश्न असा आहे कीं, ज्यांच्या घरांत सोपानदेवांसारखा कवि मुलगा नव्हता, अशा किती बहिणाबाई गेल्या? आणि आजहि खानदेशांत अहिराणी, तळकोंकणांत मालवणी, सातपुड्यांत कोरकू व भिल्ली, चांद्याकडे गोंडी, ठाण्याच्या डोंगरांत वारली बोलणाऱ्या ज्या म्हाताऱ्या बसल्या आहेत, त्यांच्याजवळ वही घेऊन कोण बसणार?

यासाठीं मोठें विद्यापीठ लागतें असें नाहीं. तालुक्याच्या कॉलेजांत येणारा विद्यार्थी त्या बोलीच्या घरांतूनच येतो. जें ऐकण्यासाठीं परदेशी पंडिताला हजारों मैल यावें लागतें, तें त्याच्या आजीच्या ओठांवर असतें. त्यानें दरवर्षीं पन्नास शब्द, दोन गाणीं, एक कहाणी अचूक लिहून आणावी. अध्यापकानें ती पडताळावी. आणि कॉलेजनें आपल्या भागांतल्या एखाद्या लेखकाच्या नांवानें वर्षाला एक लहानसें पुस्तक काढावें. दहा वर्षांत दहा पुस्तकें होतील. खर्च एका पुतळ्याहून कमी येईल. लागेल ती मात्र चिकाटी, आणि प्राचार्य बदलला तरी काम न बदलण्याचा निश्चय.

तसबिरीला हार अवश्य घालावा. त्यानें आपलें मन शुद्ध होतें. पण हार घालून झाल्यावर त्या थोर पुरुषाच्या अर्धवट राहिलेल्या कामाचें बाड उघडावें, आणि त्याच्या खालच्या कोऱ्या पानावर आपली पहिली ओळ लिहावी.